बाण चोरीला जात नाही, मामा

मामींचा सकाळी साडेसातला फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. इतक्या लवकर त्या फक्त वाईट बातमीसाठी फोन करतात. या खेपेला बातमी अशी होती: "तुझ्या मामांनी माऊस काढून ड्रॉवरात ठेवलाय. तीन दिवस झाले. दिवाणजी टॅबचं बटण दाबून दाबून कातावलाय. वीस तारीख तोंडावर आलीय, जीएसटीचं रिटर्न तसंच पडलंय. तू ये आणि काय ते समजावून सांग."

मामा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करतात. चाळीस वर्षं धंद्यात आहेत, हातात घेतलेल्या हळकुंडाचा नुसता वास घेऊन माल कुठला ते सांगतात. असा माणूस एका व्हॉट्सॲप मेसेजला घाबरून माऊस काढून ठेवतो, याचा मला आधी राग आला. मग मेसेज वाचला आणि राग लिहिणाऱ्याकडे वळला. मी वेबपेजं लिहून पोट भरते. माऊसचा बाण पेजवर कुठं आहे ते वाचणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे या मेसेजातलं खरं किती आणि भेसळ किती, ते मला सांगता येईल.

व्यापाऱ्यांच्या बऱ्याच ग्रुपांवर फिरणारा हा मेसेज थोडक्यात असा आहे: जावास्क्रिप्ट या वेबपेजच्या भाषेतल्या 'स्क्रीनएक्स' या कोडमुळे कोणतीही वेबसाइट तुमच्या माऊसचा बाण चोवीस तास, अख्ख्या स्क्रीनवर बघू शकते. दुसऱ्या टॅबमध्ये बँक उघडा नाहीतर हिशेबाची टॅली, हॅकरला बाण दिसतोच. बँकेच्या पडद्यावरच्या कीबोर्डवर क्लिक केलं की पासवर्ड गेला. परदेशी कंपनीनं हे सिद्ध केलंय. म्हणून माऊस काढून ठेवा आणि पासवर्ड कीबोर्डनं टाइप करा; साइट गुप्त विंडोतच उघडा; बाण थांबला की कॅमेरा चालू होतो म्हणून कॅमेऱ्याला पट्टी लावा; मोबाइलवरही अदृश्य बाण असतो; आणि शेवटी, खालच्या लिंकवरून मोफत सुरक्षा कवच टाका किंवा खालच्या नंबरवर फोन करा, आमचा माणूस एनीडेस्क या लांबून कॉम्प्युटर चालवायच्या ॲपवरून कॉम्प्युटर तपासून देईल. सर्व व्यापारी बांधवांना पाठवा.

शेवटच्या त्या लिंकसाठी आणि नंबरासाठी बाकीचा मेसेज लिहिलाय. पण तिथं जाण्याआधी पहिल्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण मामांना तेच पटलं होतं.

"कोणतीही वेबसाइट अख्ख्या स्क्रीनवर बाण बघते"

वेबपेज काही बघत नाही. वेबपेजला निरोप येतो. बाण त्या पेजच्या अंगणात हलला की ब्राउझर पेजमधल्या स्क्रिप्टला, म्हणजे पेजमध्ये लिहिलेल्या कोडला, कळवतो, 'माऊस हलला, अमुक ठिकाणी'. याला आमच्या धंद्यात इव्हेंट म्हणतात. ब्राउझरला उलट विचारता येत नाही. 'आत्ता या क्षणी बाण कुठं आहे?' असं विचारायची सोयच जावास्क्रिप्टमध्ये नाही. नवीन पेज उघडलं आणि तुम्ही माऊसला हात लावला नाहीत, तर पेजला बाणाचा पत्ता नसतो. नवीन पोरं कामाला लागली की पहिल्या आठवड्यात हाच प्रश्न घेऊन येतात, की पेज उघडल्याबरोबर बाणाची जागा कशी काढायची. काढता येत नाही. तो हलायची वाट बघायची.

आता 'स्क्रीनएक्स'. नाव वाचून कुणालाही वाटेल की हा स्क्रीनभर बघणारा डोळा आहे. प्रत्यक्षात तो मापाचा आकडा आहे. एकाच निरोपात बाणाची जागा तीन-चार ठिकाणांपासून मोजलेली येते. मामांना मी त्यांच्याच गाळ्यातलं उदाहरण दिलं. समजा हमालानं पोतं आणून ठेवलं आणि ओरडून सांगितलं. तो म्हणेल, उंबऱ्यापासून दहा पावलांवर ठेवलं. किंवा म्हणेल, थप्पीच्या सुरुवातीपासून चाळीस पावलांवर. किंवा म्हणेल, यार्डाच्या गेटापासून तीनशे पावलांवर. पोतं एकच आहे, फक्त मोजायची सुरुवात वेगवेगळी. 'क्लायंटएक्स' आणि 'क्लायंटवाय' म्हणजे पेजचा जेवढा भाग समोर दिसतोय त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून. 'पेजएक्स', 'पेजवाय' म्हणजे अख्ख्या पेजच्या सुरुवातीपासून, वर सरकून गेलेला भाग धरून. पेज १२०० पिक्सेल खाली सरकवलंय आणि बाण दिसणाऱ्या भागात वरून ३०० वर आहे, तर क्लायंटवाय ३०० आणि पेजवाय १५००. आणि 'स्क्रीनएक्स' म्हणजे गेटापासूनचं अंतर, स्क्रीनच्या कोपऱ्यापासून मोजलेलं.

हमालानं गेटापासूनचं अंतर सांगितलं म्हणून त्याला शेजारच्या गाळ्यातली पोती दिसायला लागत नाहीत. तो ओरडतो ते आपल्या गाळ्यात आलेल्या पोत्याबद्दल. यात नवीन काही नाही आणि चोरटंही काही नाही. क्लायंट आणि स्क्रीन हे दोन्ही आकडे डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या नोव्हेंबर २००० च्या शिफारशीत छापलेले आहेत, कुणीही वाचावेत.

मामांना हे ऐकून पटलं नाही. बोललेलं त्यांना सहसा पटत नाही, माल डोळ्यांसमोर ओतावा लागतो. म्हणून मी दहा-बारा ओळींचं एक पेज लिहून नेलं होतं: निरोप आला की त्यातले आकडे मोठ्या अक्षरांत दाखवायचे, एवढंच. ड्रॉवरातून माऊस काढून जोडला. अर्ध्या स्क्रीनवर माझं पेज, अर्ध्यावर टॅली. मामांनी बाण पेजवर फिरवला, आकडे पळाले. बाण टॅलीवर नेला, आकडे जागच्या जागी थिजले. परत आणला, पळाले. वर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीवर नेला, थिजले. ती पट्टीसुद्धा पेजच्या अंगणात येत नाही. शेजारी दुसरा टॅब उघडून त्यात दोन मिनिटं हिंडून आलो, तरी आकडा जिथं सोडला होता तिथंच.

"मग ते 'थांबा, जाऊ नका, दहा टक्के सूट' असं कसं काय येतं, आपण बंद करायला गेलो की?" दिवाणजींनी मधेच विचारलं. प्रश्न मला आवडला. बाण पेजच्या बाहेर जाताना शेवटचा एक निरोप येतो, 'गेला', आणि जाण्याआधीच्या निरोपांवरून तो वरच्या कडेकडे चालला होता हे पेजला कळलेलं असतं. दुकानदार गिऱ्हाइकाला पायरीवर गाठून भाव कमी करतो, तसलाच प्रकार. पायरी उतरल्यावर गिऱ्हाईक कुठल्या गल्लीत शिरलं हे त्याला दिसत नाही.

तेवढ्यात मामांनी मला पकडलं. माऊसचं बटण पेजवर दाबून धरलं आणि बाण तसाच ओढत टॅलीवर नेला. आकडे थिजले नाहीत. उलट क्लायंटएक्स शून्याच्या खाली उतरलं, उणे ४०, उणे १८०.

"बघ! भायेर गेला तरी आकडं पळत्यात. मग?"

होय, पळतात. हे मान्य करावं लागेल आणि मी ते आधी सांगायला हवं होतं. बटण पेजवर दाबलं आणि धरून ठेवलं, तर सोडेपर्यंतचे निरोप त्याच पेजला जातात. नाहीतर मजकूर निवडताना किंवा एखादी सरकपट्टी ओढताना हात जरा बाहेर गेला की सगळं तुटलं असतं. बटण सोडलं की संपलं. बँकेच्या पडद्यावर क्लिक करताना बटण बँकेच्याच पेजवर दाबलं जातं, म्हणून तो निरोप बँकेच्याच पेजला. माझ्या पेजला त्यातलं काही मिळत नाही. मामांनी हे पाच वेळा करून बघितलं.

"परदेशी कंपनीनं हे सिद्ध केलंय"

हे वाक्य वाचून आधी मी हसले, मग जरा खटकलं, कारण असं काहीतरी खरंच झालं होतं. मेसेज लिहिणाऱ्यानं त्यातलं वर्ष तेवढं कापलंय.

२०१२ च्या डिसेंबरात लंडनच्या स्पायडर-आयओ नावाच्या कंपनीनं जाहीर केलं की मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरच्या ६ ते १० या आवृत्त्यांत एक भोक आहे. या ब्राउझरमध्ये 'फायरइव्हेंट' नावाची सोय होती. स्क्रिप्ट स्वतःच खोटा निरोप पाठवू शकत असे, आणि ब्राउझर त्या खोट्या निरोपात बाणाची खरी जागा भरून देत असे. त्यामुळे पेज वाट न बघता पुनःपुन्हा विचारू शकत होतं. बाण स्क्रीनवर कुठंही असो, टॅब मागे असो, खिडकी खाली दाबून ठेवलेली असो, आकडा मिळे. एखाद्या भल्या साइटवरच्या जाहिरातीच्या चौकटीतूनसुद्धा मिळे. पडद्यावरच्या कीबोर्डला यामुळे धोका आहे हेही त्यांनीच दाखवलं होतं. मायक्रोसॉफ्टला त्यांनी हे १ ऑक्टोबर २०१२ लाच कळवलं होतं. बातमी बाहेर आल्यावर मायक्रोसॉफ्टनं 'एवढं काही गंभीर नाही' अशा सुरात उत्तर दिलं, ते मला तेव्हाही आवडलं नव्हतं. भोक खरं होतं.

म्हणजे मेसेजमधलं वर्णन एका ब्राउझरला, एका काळी, जवळजवळ शब्दशः लागू होतं. पण फायरइव्हेंट ही इंटरनेट एक्सप्लोररची घरची पद्धत होती. क्रोम आणि फायरफॉक्सनी ती घेतली नाही. तिथं 'डिस्पॅचइव्हेंट' आहे. त्यातही खोटा निरोप पाठवता येतो, पण आकडे पाठवणाऱ्यानंच भरायचे. नाही भरले तर शून्य. वर त्या निरोपावर 'हा खऱ्या माणसाच्या हातचा नाही' अशी खूणही असते. इंटरनेट एक्सप्लोररच्या ११ व्या आवृत्तीत फायरइव्हेंट काढून टाकलं आणि १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टनं तो ब्राउझरच निवृत्त केला.

मामांना हे सांगायला हरिपूर कामाला आलं. २००५ च्या महापुरात सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खड्ड्यांत, पाणी शिरलं, हळद गेली. ते खोटं कोण म्हणेल? पण आज ज्याची हळद कोल्ड स्टोरेजला आहे, त्याला 'पेवात पाणी शिरतंय, पळा' असा मेसेज वर्ष कापून पाठवणारा माणूस एकतर येडा असतो, नाहीतर त्याला तुमच्या गोदामाची किल्ली हवी असते. मामा यावर काही बोलले नाहीत. त्यांची स्वतःची पोती होती त्या पेवात.

आणखी एक अर्धसत्य आहे, तेही सांगून टाकते. तुम्ही ज्या साइटवर आहात ती साइट, तिच्या स्वतःच्या पेजवर, तुमचा बाण कसकसा फिरला हे साठवू शकते. गिऱ्हाईक कुठं रेंगाळतं हे बघायला दुकानं असं सर्रास करतात. २०१७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी असली चित्रीकरणासारखी नोंद करणाऱ्या स्क्रिप्ट शोधल्या, तेव्हा मोठ्या ५०,००० साइटींपैकी ४८२ वर त्या सापडल्या, आणि काही ठिकाणी नोंदीत नको ती माहितीही गेलेली आढळली. हे चिडण्यासारखं आहे, मी स्वतः चिडते. पण ही त्या साइटची तिच्या अंगणातली नजर आहे. तिला तुमच्या बँकेचा टॅब दिसत नाही.

"माऊस काढा, पासवर्ड कीबोर्डनं टाइप करा"

मेसेजातला सगळ्यात उफराटा सल्ला हा. पेजला माऊसचे निरोप येतात तसेच कीबोर्डचेही येतात. कळ दाबली, कळ सोडली, कुठली दाबली. माऊसच्या निरोपाला भिऊन कीबोर्डकडे पळणं म्हणजे पावसाला भिऊन नदीत उडी टाकणं. शिवाय काही बँकांनी पडद्यावरचा कीबोर्ड आणला तो कशासाठी? कॉम्प्युटरमध्ये कळा टिपणारा चोर प्रोग्राम बसला असेल तर कळा न दाबताच पासवर्ड टाकता यावा यासाठी. काही ठिकाणी त्यातले आकडे दर वेळी जागा बदलतात, म्हणजे क्लिकची जागा कुणाला समजली तरी आकडा समजत नाही. आणि मेसेज सांगतो, तोच सोडा. कॉम्प्युटरमध्येच चोर बसला असेल तर तो पडद्याचे फोटोही काढेल, मग माऊस काय आणि कीबोर्ड काय. पण तो चोर वेबपेजमधून आलेला नसतो, कुणीतरी लिंक दाबून घरात घेतलेला असतो.

बाकीचे मुद्दे पटापट. गुप्त विंडोनं इतिहास आणि कुकी मागे राहत नाहीत, माऊसच्या निरोपांना तिचं काही देणंघेणं नाही. बाण थांबला की कॅमेरा चालू होतो हे कुणी कुठल्या तंद्रीत लिहिलं कोण जाणे. कॅमेऱ्यासाठी ब्राउझर तुमची परवानगी विचारतो, बाण पळो की झोपो. पट्टी लावायची तर लावा, तिनं नुकसान नाही. मोबाइलवर अदृश्य बाण नसतो. बोट टेकतं तेव्हा स्पर्शाचा निरोप जातो आणि जुन्या साइटींची सोय म्हणून ब्राउझर मागाहून माऊसचेही निरोप पाठवतो. बोट उचललं की संपलं. काचेवर काही तरंगत नाही.

"सुरक्षा कवच टाका, नाहीतर फोन करा"

आता मुख्य गोष्ट. हे 'कवच' म्हणजे ब्राउझरमध्ये टाकायचं एक्सटेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम. दिवाणजींनी ते टाकलेलं होतं. मी त्याची परवानगी उघडून दाखवली: सर्व वेबसाइटींवरचा तुमचा सगळा डेटा वाचणे आणि बदलणे.

हे नीट समजून घ्या, कारण मी वर जे जे सांगितलं ते सगळं इथं उलटं होतं. साधं वेबपेज आपल्या अंगणाबाहेर बघू शकत नाही. एका साइटच्या स्क्रिप्टनं दुसऱ्या साइटच्या पेजमध्ये हात घालायचा नाही, हा नियम नेटस्केप या जुन्या ब्राउझरनं १९९० च्या दशकाच्या मध्यात घातला आणि तेव्हापासून ब्राउझरची सगळी सुरक्षा त्याच पायावर उभी आहे. पेजमध्ये दुसऱ्या साइटची चौकट बसवली, पैसे भरायची असते तशी, तरी त्या चौकटीवर फिरणाऱ्या बाणाचे निरोप बाहेरच्या पेजला मिळत नाहीत. पण सगळ्या साइटींची परवानगी घेतलेलं एक्सटेन्शन आपली स्क्रिप्ट थेट बँकेच्या पेजच्या आत ठेवू शकतं. तिथं तिला माऊसचे निरोप मिळतात, क्लिकचे मिळतात, कळांचे मिळतात, रकान्यात काय लिहिलं तेही वाचता येतं. म्हणजे ज्या गोष्टीची भीती घालून कवच विकलं, ती गोष्ट करायची ताकद कॉम्प्युटरवर फक्त त्या कवचाकडेच होती.

चांगली एक्सटेन्शनही हीच परवानगी मागतात, हे खरंय. पासवर्ड सांभाळणारी मागतात, जाहिराती अडवणारी मागतात. म्हणून परवानगी दिसली की लगेच चोर, असं मी म्हणत नाही. अनोळखी नंबरावरून आलेल्या, भीती घालणाऱ्या मेसेजातल्या लिंकवरून ती द्यायची का, एवढंच विचारते.

आणि तो मोफत तपासणारा माणूस! मामा, इथं मात्र मला तुमच्यावर ओरडायचं होतं. मेसेज म्हणतो तुमचा बाण परक्याला दिसतोय, आणि उपाय म्हणून सांगतो की परक्याच्या हातात बाणच द्या. एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर ही ॲप स्वतः वाईट नाहीत, मी कामाला रोज वापरते. पण त्यातला कोड तुम्ही समोरच्याला सांगितलात आणि परवानगीला होय म्हटलंत, की त्याला तुमची स्क्रीन दिसते आणि त्याचा हात तुमच्या माऊसवर असतो. अंगण, गेट, निरोप, सगळं सोडा. तो तुमच्या खुर्चीत बसलेला असतो. अशा ॲपमधून खाती साफ होतात म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं, आणि तेव्हा एनीडेस्कचं नावच घेतलं होतं.

"मी फोन नव्हता केला," मामा म्हणाले. "फोन लागला नाही." दोन वाक्यांत किती फरक आहे बघा.

एक्सटेन्शन काढलं. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून बँकेचा आणि जीएसटीचा पासवर्ड बदलला. ज्यावर कवच बसलं होतं त्याच कॉम्प्युटरवरून बदलून उपयोग नव्हता. बँकेला फोन करून खात्यातले गेल्या आठवड्याचे व्यवहार एकेक करून जुळवले. सगळं जागेवर होतं. १९ तारखेला संध्याकाळी रिटर्न गेलं, माऊसनं.

तुमच्याकडं कुणी त्या नंबरला फोन करून ॲपचा कोड दिला असेल तर आधी इंटरनेटची वायर काढा, वायफाय बंद करा, मग ॲप काढा. बँकेला लगेच कळवा. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करा, ती सरकारची सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे, आणि तिथं जितक्या लवकर फोन जाईल तितकी रक्कम मधेच अडवायची शक्यता जास्त. लाजून दोन दिवस घालवू नका. मामांच्या पलीकडच्या गाळ्यातल्या एकानं कोड दिला होता. आम्ही विचारलं तेव्हा म्हणाला, "तपासून दिलं की त्यांनी, सगळं ठीक आहे म्हणाले." ॲप अजून चालूच होतं.